बारा चेहरे आणि एक खोके
(द्वितीय वर्ष, कला)

यंदाच्या स्नेहसंमेलनातील एकांकिका ज्यांनी पाहिली त्यांना शेवटच्या प्रवेशातले ते बारा पांढरे चेहरे आठवत असतील. बाराही जण एकसारखे, डोळ्यांच्या जागी काळी भोके, नाक-ओठ तेच ते. पडदा पडल्यावर पुष्कळांनी विचारले की हे मुखवटे मुंबईहून आणले काय? एका सरांनी तर भाडे किती पडले तेही विचारले. मुखवटे मुंबईहून आले नाहीत, भाडेही पडले नाही. ते आमच्या घरी, अडीच खोल्यांच्या जागेत, एका लाकडी खोक्यावर आणि शेजाऱ्यांकडून मागून आणलेल्या व्हॅक्यूम क्लीनरवर तयार झाले. ते कसे झाले हे सांगण्यासाठी हा लेख आहे. मी कला शाखेची विद्यार्थिनी. पदार्थविज्ञानाशी माझा संबंध दहावीनंतर सुटला. तेव्हा विज्ञानाच्या प्राध्यापकांनी भाषेकडे थोडे दुर्लक्ष करावे. आकडे मात्र तपासून घेतले आहेत.

अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरताना 'पालकांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी अडले होते. नाना, म्हणजे माझे वडील, तेव्हा नाशिकच्या औद्योगिक वसाहतीत एका गोदामावर रखवालदार होते, आजही आहेत. पण त्याआधीची अठरा वर्षे ते 'व्हॅक्यूमवर' होते. घरात हाच शब्द होता. व्हॅक्यूमवर म्हणजे काय, ते मला ठाऊक नव्हते आणि मी कधी विचारलेही नव्हते. मी 'नोकरी' असे लिहून मोकळी झाले. नाना ज्या लहानशा युनिटमध्ये होते तिथे प्लॅस्टिकचे ग्लास आणि डिश निघत. २०१८ च्या मार्चमध्ये महाराष्ट्र शासनाने प्लॅस्टिक आणि थर्माकोलच्या एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आणली आणि ते काम थांबले. मग तिथे यंत्रांचे सुटे भाग ठेवायचे ट्रे काढू लागले. २०२० च्या टाळेबंदीनंतर युनिट उघडलेच नाही. शेवटच्या हिशेबात काही पैसे कमी पडले, त्याबदली नानांना पांढऱ्या प्लॅस्टिकच्या शीटचा एक गठ्ठा मिळाला. आई त्यावर बरीच बोलली. गठ्ठा खाटेखाली गेला. त्यातल्या दोन शीट फडताळात अंथरल्या, एक न्हाणीच्या खिडकीला लागली. बाकीच्या तशाच होत्या.

एकांकिकेसाठी एकसारखे बारा मुखवटे हवेत असे ठरले तेव्हा प्रथम थर्माकोलचा विचार झाला. थर्माकोलची सजावट आता चालत नाही. कागदाच्या लगद्याचे करावेत तर एकेक वाळायला दिवस लागतात आणि बाराही सारखे येत नाहीत. लगद्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. आमचे मूळ गाव पेठ तालुक्यातले. तिकडे बोहाड्यात लाकडाचे आणि लगद्याचे मुखवटे घालून देवदेवता आणि राक्षस रात्रीच्या उजेडात संबळावर नाचत येतात, ते मी लहानपणी आजोबांच्या खांद्यावर बसून पाहिले आहे. तिथला प्रत्येक मुखवटा वेगळा असतो, त्याला मान असतो, तो ठरलेल्या घरचा माणूसच घालतो. आमच्या एकांकिकेत नेमके उलटे हवे होते. कचेरीतली बारा माणसे, ज्यांना स्वतःचा चेहराच उरलेला नाही. दिग्दर्शकाने हे समजावून सांगितले तेव्हा मला घरातले ट्रे आठवले. शंभरातला कोणताही उचला, फरक सापडत नाही. त्या रात्री मी नानांना प्रथमच विचारले, की तुम्ही ते ट्रे काढायचे कसे?

नाना फारसे बोलत नाहीत. त्यांनी एक शीट काढली, गॅसच्या शेगडीवर दूर धरून गरम केली आणि पालथ्या वाटीवर दाबली. वाटीच्या बुडाचा आकार आला. कडेला मात्र चुण्या पडल्या. "चुण्या हवा मोडते," एवढेच म्हणाले. या तीन शब्दांचा अर्थ मला पुढच्या महिन्याभरात कळला.

प्लॅस्टिकच्या दोन जाती आहेत. एक जात गुळासारखी. तापवली की मऊ, निवली की घट्ट, पुन्हा तापवली की पुन्हा मऊ. दुसरी भाकरीसारखी. एकदा भाजली की तिचे पीठ पुन्हा होत नाही. जुने काळे विजेचे बटण ज्या बेकेलाइटचे असते ते या दुसऱ्या जातीतले. त्याला कितीही तापवा, करपेल पण वाकणार नाही. आपल्याला पहिली जात लागते. खाटेखालचा गठ्ठा 'हिप्स'चा होता. पूर्ण नाव हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन. थर्माकोल ज्या पॉलिस्टायरीनचा फुगवून करतात त्याच घराण्यातले, पण यात रबराचा अंश मिसळलेला असतो. म्हणून ते थर्माकोलसारखे किंवा नुसत्या पॉलिस्टायरीनसारखे टचकन तुटत नाही. सुमारे १०० अंश सेल्सियसला ते कडकपणा सोडू लागते आणि १५० ते १७५ अंशांच्या दरम्यान ओल्या चामड्यासारखे होते. ते पाण्यासारखे वितळत नाही, आणि यातच सगळी सोय आहे. ज्या प्लॅस्टिकला अशी लांब-रुंद मऊ अवस्था नसते ते घरगुती कामाला अवघड. पॉलिप्रॉपिलीनचे तसे आहे. कडक असते, असते, आणि एकदम ढेपाळते.

आता हवेकडे येऊ. 'व्हॅक्यूम शीटला ओढून घेतो' असे आपण म्हणतो, नानाही म्हणतात, पण निर्वात पोकळीला हात नसतात. ती काहीच ओढत नाही. ढकलते ती वरची हवा. आपल्या डोक्यावर जो हवेचा समुद्र आहे त्याचे वजन दर चौरस सेंटीमीटरला सुमारे एक किलो पडते. खालीवर, आतबाहेर सगळीकडे तोच दाब असल्यामुळे आपल्याला तो जाणवत नाही. एका बाजूची हवा काढून घेतली की दुसऱ्या बाजूची हवा आपले बळ दाखवते. सतराव्या शतकात जर्मनीत ओटो फॉन गेरिके याने तांब्याचे दोन अर्धगोल जुळवून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपूनही ते सुटेनात, ही गोष्ट शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेली आहे. नळीने उसाचा रस पिताना आपण तेच करतो. नळीतली हवा आपण काढतो, ग्लासातल्या रसावर बसलेली हवा रस वर ढकलते.

मऊ झालेली शीट साच्यावर पसरली, तिच्या कडा हवाबंद केल्या आणि खालची हवा काढली, तर वरची हवा शीटला साच्याच्या प्रत्येक खाचेत दाबून बसवते. दहा माणसांची बोटे एकाच वेळी जिथे पोचणार नाहीत तिथे ती पोचते. शीट पाच-दहा सेकंदांत थंड होते आणि तो आकार धरून बसते. चुण्या हवा मोडते, ती अशी.

हिशेब केला तर थक्क व्हायला होते. आमच्या चौकटीचे तोंड २८ सेंटीमीटर लांब आणि तेवढेच रुंद, म्हणजे ७८४ चौरस सेंटीमीटर. पूर्ण निर्वात साधला तर त्यावर पावणेआठशे किलोंहून अधिक भार पडेल. घरगुती व्हॅक्यूम क्लीनर अर्थातच पूर्ण निर्वात करत नाही. तोंड बंद केल्यावर तो वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पाचव्या हिश्श्यापर्यंत फरक पाडतो. तरीही दीडशे किलोंच्या आसपास भार होतो. हा हिशेब मी नंतर केला. आधी केला असता तर पहिले खोके फुकट गेले नसते. मी त्याचा वरचा पाट साध्या हार्डबोर्डचा केला होता. क्लीनर सुरू केला आणि पाट मध्यभागी खचून साच्यासकट आत गेला. दोन-अडीच माणसे उभी राहतील असा पाट हवा, हे वाक्य नानांनी पाट मोडल्यावर उच्चारले, आधी का उच्चारले नाही असे विचारले तर म्हणाले, "तुला कॉलेजात सांगितलं असंल असं वाटलं."

दुसरे खोके नानांनी आखले. ते चार बोटे उंच. वरचा पाट १२ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडचा, आणि तो खचू नये म्हणून आत चार लाकडी ठोकळे उभे. पाटावर अडीच अडीच सेंटीमीटरवर दोन मिलिमीटरची भोके पाडली. अकरा रांगा, रांगेत अकरा, एकूण एकशेएकवीस. हाताच्या ड्रिलने ती पाडताना माझ्या तळहाताला फोड आले. भोके याहून मोठी ठेवली तर मऊ शीट त्यांत शिरते आणि मालावर पुटकुळ्या उठतात. पाटाच्या कडेने सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली, म्हणजे चौकट दाबून बसवल्यावर कडेने हवा शिरत नाही. खोक्याच्या बाजूला एक मोठे भोक, त्यात क्लीनरची नळी, फटीला चिकटपट्टी. खोक्याचे सगळे सांधे आतून फेविकॉलने भरले. एवढ्याशा फटीने काय होते, असे वाटते; पण क्लीनरचा जोर इतका तोकडा असतो की एवढीशी फटच तो खाऊन टाकते.

शीट धरायला लोखंडी पट्टीच्या दोन चौकटी, फोटोच्या फ्रेमसारख्या. मध्ये शीट घालून चारी बाजूंनी कागदाला लावायच्या मोठ्या काळ्या क्लिपा लावायच्या, एकेका बाजूला तीन. या क्लिपा कार्यालयातल्या बाईंनी दिल्या आणि मोजून परत घेतल्या.

तापवण्याची व्यवस्था ही सर्वांत जपून करायची गोष्ट. उघड्या तारेच्या शेगडीवर मी हे काम सुचवले होते, ते नानांनी साफ मोडून काढले. धातूची चौकट आणि उघडी तार यांची गाठ पडली तर मुखवट्याआधी माणूस जायचा. आम्ही काचेच्या नळ्यांचे, हिवाळ्यात ऊब घेण्यासाठी मिळतात तसले, दोन जुने हीटर घेतले. त्यांच्या चार नळ्या, प्रत्येकी ४०० वॅटच्या, पत्र्याच्या पालथ्या खोक्यात ओळीने बसवल्या. खोके चार पायांवर उभे, तोंड खाली. नळ्यांपासून वीतभर खाली दोन पट्ट्या, त्यांवर शीटची चौकट ड्रॉवरसारखी आत सरकते. शीट मऊ होऊन झोळली तरी खाली, म्हणजे नळ्यांपासून दूर झोळते. सगळे मिळून १६०० वॅट. २३० व्होल्टला सात अँपिअरच्या आसपास. त्यात क्लीनर सुरू झाला की भार आणखी वाढतो. म्हणून दोन्ही एकाच बटणावर लावायचे नाहीत, पत्र्याच्या खोक्याला अर्थिंग जोडायचे आणि हे सारे वायरमनला दाखवल्याशिवाय सुरू करायचे नाही. आमच्या चाळीतल्या वायरमनकाकांनी एक वायर बदलायला लावली. ही वायर मी नाटकाच्या खर्चात दाखवली आहे, याची खजिनदारांनी नोंद घ्यावी.

साचा करणे हे आपल्या कला शाखेचे काम. नाशिकला शाडूला तोटा नाही. चित्रकलेची आवड असलेल्या माझ्या मैत्रिणीने शाडूचा चेहरा घडवला, त्यावरून प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा ओतला. चेहरा पाहून नाना म्हणाले, "अडकंल." मूर्तिकाराचा आणि साचेवाल्याचा इथे झगडा आहे. मूर्तिकाराला नाकपुडीखाली खोल खाच हवी, कान हवे, हनुवटीखाली गळा आत वळायला हवा. पण शीट निवून कडक झाल्यावर साच्यावरून सरळ वर निघाली पाहिजे. जिथे साचा वरून रुंद आणि खाली अरुंद तिथे ती अडकते, मग साचा फुटतो किंवा शीट. बाजू उभ्या असल्या तरी अडकते, कारण शीट निवताना आवळते. प्रत्येक उभ्या बाजूला तीन-चार अंशांचा तरी उतार हवा. म्हणून कान गेले, नाकपुड्या बुजल्या, गळा सरळ उतरत गेला. मैत्रीण दोन दिवस बोलली नाही. प्रयोगानंतर मात्र तीच म्हणाली की कान नसल्यामुळेच तो चेहरा कचेरीतला वाटला.

साच्याला दाभणाने बारीक भोके पाडायची. कुठे, हे महत्त्वाचे. डोळ्यांच्या खोबणीत, नाकाच्या दोन्ही अंगांना, ओठांच्या फटीत. थोडक्यात, जिथे शीट सर्वांत शेवटी पोचते तिथे. तिथली हवा निघायला वाट नसेल तर ती शीटखाली उशीसारखी अडकून राहते आणि चेहऱ्याला डोळेच येत नाहीत. साच्याखाली पुठ्ठ्याचे दोन-तीन तुकडे ठेवून तो पाटापासून किंचित उचलायचा, म्हणजे कडेच्या खालूनही हवा जाते. आणि साचा पुरता वाळलेला हवा. माझा पहिला साचा वरून कोरडा, आत ओला होता. गरम शीट बसली तशी आतल्या पाण्याची वाफ झाली आणि मुखवट्याला देवी आल्यासारखे वण पडले. पुढचा साचा आठ दिवस गच्चीवर उन्हात ठेवला. दर खेपेला त्यावर टाल्कम पावडरचा हलका हात फिरवायचा.

इथे कुणी विचारील की चेहरा उंच असा साचा घ्यावा की चेहऱ्याचा खोलगट ठसा घ्यावा? दोन्ही चालतात, फळ निराळे मिळते. शीट ताणली जाते तशी पातळ होते. आमचा साचा २२ सेंटीमीटर लांब, १६ रुंद, ९ उंच. अगदी ठोकळा धरला तर ७८४ चौरस सेंटीमीटर शीटला जवळजवळ १४७० चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग झाकावा लागतो. म्हणजे एक मिलिमीटरची शीट सरासरी अर्धा मिलिमीटर उरते. पण ती सगळीकडे सारखी पातळ होत नाही. शीट जिथे प्रथम टेकते तिथे ती लगेच निवते आणि जाड राहते. जिथे शेवटी पोचते तिथे बिचारी पार पापुद्रा होते. उंच साच्यावर नाकाचे टोक जाड राहते, खोलगट ठशात नाकाचे टोकच सर्वांत पातळ. रंगमंचाच्या मागे काळोखात जे जे आपटते ते नाकावर, म्हणून आम्ही उंच साचा घेतला. त्यात तोटा असा की साच्याची बारीक नक्षी शीटच्या आतल्या अंगाला उमटते, बाहेर ती शीटच्या जाडीने बोथट होते. बारीक नक्षी बाहेर हवी असेल तर ठसाच घ्यावा. कारखान्यातल्या ग्लासांची गंमत नानांनी सांगितली. ग्लास खोल ठशात काढतात, मग बूड फाटू नये म्हणून आधी वरून एक दांडा शीटला हलकेच खाली नेतो आणि मगच हवा आपले काम करते. त्या दांड्याला ते 'प्लग' म्हणत. त्याचा वेग जरा चुकला की शेकड्यांनी ग्लास वाया.

आता प्रत्यक्ष काम. शीट चौकटीत, चौकट हीटरखाली. पहिल्या अर्ध्या मिनिटात शीटला लाटा येतात, वेडीवाकडी होते. नवख्याला वाटते की बिघडली. मी ती दोनदा घाईने बाहेर काढली. थांबायचे असते. मग ती आपोआप ताणून सपाट होते, जणू इस्त्री केली. त्यानंतर पृष्ठभागावर ओली चमक येते आणि मधोमध झोळ पडू लागतो. आमच्या मापाच्या चौकटीत दोन बोटे झोळ आला की वेळ झाली. हे सारे सव्वा ते दीड मिनिटाचे. मी मोबाइलवर सेकंद मोजत होते. पण विजेचा दाब रोज सारखा नसतो, वाऱ्याची झुळूक असते, हीटर पहिल्या शीटला थंड आणि दहाव्या शीटला तापलेले असतात. माझे सेकंद चुकत गेले. नाना घड्याळाकडे पाहत नव्हते, मान तिरकी करून शीटवरच्या चमकेकडे पाहत होते. "काढ," म्हणायचे. काढली की ती बरोबरच असायची. एकदा त्यांना विचारले, की हे कसे कळते? म्हणाले, "अठरा वर्षं दुसरं बघितलं काय?"

काढल्यावर हातात तीन-चार सेकंद असतात. क्लीनर आधीच सुरू असायला हवा. चौकट सरळ, आडवी, दोन्ही हातांनी साच्यावरून खाली दाबायची. कडा ट्यूबवर टेकताच 'फस्' असा आवाज होऊन शीट साच्याला बिलगते. डोळे, ओठ, हनुवटी एका क्षणात वर येतात. हा क्षण बघायला शेजारची सगळी मुले दारात जमत आणि दर वेळी ओरडत. मीही ओरडत असे, हे कबूल करते. दहा-पंधरा सेकंदांनी क्लीनर बंद करायचा. घरगुती क्लीनरच्या मोटारीला बहुधा आत येणाऱ्या हवेनेच गारवा मिळतो, वाट बंद ठेवून तो चालत ठेवला तर मोटार जळते. उसना आणलेला असेल तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

साच्याच्या पायथ्याशी कोपऱ्यांवर शीटच्या उभ्या दुमडी पडतात. शीट जास्त तापली किंवा साचा फार उंच असला तर त्या पडतात. थोड्या पडल्या तर कापण्यात जातात. आमच्या एकोणीस शीट लागल्या, बारा मुखवटे मिळाले. तीस सेंटीमीटर चौरस, एक मिलिमीटर जाडीच्या एका शीटचे वजन ९५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळे मिळून पावणेदोन किलोंच्या जरा वर माल लागला. सातव्या खेपेला प्लॅस्टरच्या नाकाचा टवका उडाला, तो भरून घेतला. बाराव्या चेहऱ्याचे नाक नीट पाहिले तर जरा बसके आहे. ते कुणाच्या वाट्याला आले ते सांगत नाही.

कापायला साधी कात्री आणि ब्लेड, कडांना पॉलिश पेपर. रंगाबाबत मात्र सावध. थर्माकोलवर पेट्रोल पडले की ते विरघळते हे पुष्कळांनी पाहिले असेल. हिप्सही त्याच घराण्यातले, थिनर किंवा ॲसिटोन असलेला रंग त्याला खातो. पहिल्या मुखवट्यावर मारलेल्या स्प्रेने गालाला भेगांचे जाळे पडले. पाण्यात कालवायचे ॲक्रिलिक रंग चालतात.

हे वाचून कुणी खोके करायला घेतले तर एक विनंती. हाती येईल ते प्लॅस्टिक तापवू नका. फ्लेक्सचे फलक आणि पाण्याच्या नळ्या पीव्हीसीच्या असतात. पीव्हीसी जास्त तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू सुटतो, ओलाव्याशी भेटला की त्याचे आम्ल होते, आणि ओलावा आपल्या छातीत भरपूर असतो. हिप्सलाही तापताना उग्र वास येतो. खिडक्या उघड्या हव्यात. धूर दिसला तर वेळ टळून गेली असे समजून हीटर बंद करावा. नानांच्या युनिटमध्ये उन्हाळ्यात एकच पंखा होता, तोही शीटला वारा लागतो म्हणून बंद ठेवत. घरी आल्यावर त्यांच्या कपड्यांना जो वास यायचा त्याला मी लहानपणी 'नानांचा वास' म्हणत असे. पहिली शीट तापली तेव्हा खोलीत तोच वास भरला. आई उठून बाहेर गेली.

आपल्या शाखेला रस वाटावा अशी एक हकिकत सांगते. १९७७ सालच्या 'स्टार वॉर्स' या चित्रपटातील सैनिकांची पांढरी शिरस्त्राणे याच रीतीने, व्हॅक्यूमवर काढलेली होती. ती ज्यांनी काढली त्या इंग्लंडमधील अँड्र्यू आइन्सवर्थ यांनी पुढे त्यांच्या प्रती विकायला काढल्या, तेव्हा चित्रपटाच्या कंपनीने दावा लावला. दावा २०११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. प्रश्न असा होता की हे शिरस्त्राण म्हणजे शिल्प आहे काय? शिल्प असेल तर त्याला कलाकृतीचे दीर्घ संरक्षण. न्यायालयाने सांगितले, हे शिल्प नव्हे; कलाकृती म्हणायची ती चित्रपट, शिरस्त्राण हे तो घडवताना लागलेले साधन. माझ्या मैत्रिणीला हा निकाल मुळीच मान्य नाही. शाडूत अंगठा फिरवला त्याचे काय, असे ती म्हणते. मला निकाल अर्धा पटतो. पण मग दुसरा अर्धा प्रश्न उरतो, की शीट कधी काढायची हे ज्याला चमकेवरून कळते त्याच्या कामाला काय म्हणायचे? कायद्याने त्यावर काही म्हटलेले नाही. आमच्या एकांकिकेच्या पत्रिकेत 'मुखवटे' या शब्दापुढे आम्ही दोन नावे छापली, मैत्रिणीचे आणि नानांचे. नानांनी पत्रिका घडी घालून बंडीच्या खिशात ठेवली. प्रयोगाला ते रात्रपाळीमुळे येऊ शकले नाहीत.

बंदीविषयी मला पुष्कळांनी विचारले. ग्लास आणि डिश बंद झाल्या ते बरेच झाले असे माझे मत आहे. गोदेच्या काठी पावसाळ्यानंतर काय साचते ते नाशिककरांना सांगायला नको. नानाही बंदीला वाईट म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे एवढेच, की मशीनला ग्लासच काढता येतो असे थोडेच आहे.

आणि ते खरे आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या सैन्याच्या नकाशा खात्याने याच रीतीने डोंगर-दऱ्यांचे उठावाचे नकाशे काढले; सपाट शीटवर नकाशा छापायचा आणि मग ती शीट डोंगरांच्या साच्यावर ओढायची. भूगोल विभागाच्या सरांशी मी यावर बोलले आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर आमच्या चौकटीत चौदा किलोमीटर लांब आणि तितकाच रुंद मुलूख बसतो. समोच्च रेषा वीस-वीस मीटरच्या. प्रमाण पाळले तर प्रत्येक रेषेची पायरी ०.४ मिलिमीटरची होईल आणि डोंगर चपटे दिसतील, पुठ्ठा ०.८ मिलिमीटरचा घेतला तर उंची दुप्पट होते, सहाशे मीटरच्या चढाला तीस पायऱ्या, म्हणजे २४ मिलिमीटर. हाताला डोंगर लागेल इतके. त्र्यंबकचा ब्रह्मगिरी आणि त्याच्या भोवतालचा मुलूख प्रथम घ्यायचा असे ठरले आहे. रेषेरेषेने पुठ्ठे कापण्याचे काम प्रथम वर्षाच्या मुलांनी पत्करले आहे. गठ्ठ्यात सात शीट उरल्या आहेत आणि न्हाणीच्या खिडकीची आठवी आई देणार नाही.

नकाशा मी घरी नेऊन दाखवला. नानांना समोच्च रेषा ठाऊक नव्हत्या. मी समजावून सांगितल्या. त्यांनी बराच वेळ बोट फिरवून पाहिले आणि जिथे जिथे दरी होती तिथे पेन्सिलीने टिंबे दिली. भोके इथे पाडायची, म्हणाले.